सहाव्या वर्षी येणारी दाढ

मूल पहिलीत जायच्या सुमारास त्याच्या तोंडात सगळ्यात मागे एक दाढ उगवते आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. पुढचा दात हलला की घरभर चर्चा होते. या दाढेसाठी मात्र कुठलाच दात पडत नाही. दुधाच्या दाढांमागच्या मोकळ्या जागेत ती वर येते. वर्ष-दोन वर्षांनी तिच्यावर काळा डाग दिसला, की कराडला असो वा तासगावला, आईच्या किंवा आजीच्या तोंडी तेच वाक्य येतं: "दुधाचीच हाय, पडंल की." ती दुधाची नसते. गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

या दाढेचा माथा बाळ जन्मतं त्या सुमारास घडायला लागतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पुरा होतो. सहाव्या वर्षी ती दिसते. पण तिची मुळं नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वाढतच असतात. माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही आत शिरत नाही. कृष्णा-वारणेच्या उसाच्या पट्ट्यात गुळाचा खडा मुलांच्या हाताशी असतोच. गूळ किती खाल्ला यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात टाकला, हे अधिक महत्त्वाचं. प्रत्येक वेळी जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते खाचेच्या तळाशी मुरतं.

केसपेपरवर डॉक्टर 46 लिहितात, तेव्हा मोजणी अशी असते. तोंडाचे चार भाग: रुग्णाचा वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मधल्या फटीपासून मागं मोजत गेलं, की ही दाढ सहावी. डॉक्टर समोरून पाहतात म्हणून कागदावर उजवी बाजू डावीकडे येते. आकडा एकदा समजून घेतला, तर दुखरी दाढ कोणती आणि उपचार कुठल्या दाढेवर चाललाय, हे आपल्यालाही ताडून पाहता येतं.

आतली रचना वर-खाली सारखी नाही. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं, एक पुढं, एक मागं. त्यांत सहसा तीन नलिका, कधी चार. वरच्या दाढेला तीन मुळं: दोन गालाकडे, एक टाळूकडे. गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा आणखी एक बारीक नलिका दडलेली असते. ती राहून गेली, तर रूट कॅनल होऊनही ठणका परततो. साध्या एक्स-रेत ही मुळं एकावर एक दिसतात, म्हणून तिरक्या कोनातून दुसरा काढावा लागतो. डॉक्टर पुन्हा फोटो काढायला सांगतात, तो खर्च वाया जात नाही.

खुर्चीही त्यानुसार बदलते. वरच्या दाढेसाठी रुग्णाला जवळजवळ आडवं करून हनुवटी वर घेतात. खालच्या दाढेसाठी पाठ थोडी उभी, म्हणजे तोंड उघडल्यावर खालचा जबडा जमिनीला समांतर राहतो. वरचं हाड सच्छिद्र, तिथं दाढेजवळ दिलेलं इंजेक्शन झिरपतं. खालचं हाड मागं जाड आणि घट्ट. म्हणून नस हाडात शिरते तिथं, पार मागं, सुई द्यावी लागते आणि अर्धा ओठ बधिर होतो. बधिरपणा उतरेपर्यंत मूल ओठ चावत नाही ना, यावर डोळा ठेवा.

"काढूनच टाका" ही मागणी मला सर्वांत जास्त खटकते. खालची सहावी काढली की मागची सातवी पुढं कलते, वरची दाढ मोकळ्या जागेत उतरते, मूल एकाच बाजूनं चावायला शिकतं. दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये वाकड्या दातांची वर्गवारी केली, तीही याच दाढेच्या जागेवरून.

दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल, तरी ती कधी काढायची हे ठरवून करायचं काम आहे. साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात, खालच्या सातवीची मुळं फुटू लागल्याचं एक्स-रेत दिसत असताना काढली, तर सातवी पुढं सरकून ती जागा बरीचशी भरून काढू शकते. वय टळलं की ती संधी जाते. उलट दाढ नुसती खाचांची आणि निरोगी असेल, तर त्या खाचा लेप देऊन बुजवता येतात. सुई नाही, ड्रिलही बहुधा नाही. कराडच्या कृष्णा अभिमत विद्यापीठाचं आणि सांगलीतलं भारती विद्यापीठाचं, अशी दंत महाविद्यालयं याच भागात आहेत. तिथं मुलांच्या दातांचा विभाग विचारा आणि सहावं लागलं की एकदा दाखवून या.