खारपाणपट्ट्यातलं तळं, डॉलरमधलं देणं

दर्यापूरपासून अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत पूर्णाकाठची जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी खारं. त्यात तुरीची डाळ धड शिजत नाही. शेताला दिलं तर माती आवळते. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या कास्तकाराची सारी भिस्त पावसाच्या गोड्या पाण्यावर. शेततळं भरलं, तर हरभऱ्याला एखाद-दुसरं पाणी देता येतं.

या तळ्यांना पैसा देणारा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे गावच्या भाषेत ‘पोकरा’, २०१८ साली सुरू झाला. खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये. त्यातला ७० टक्के वाटा जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जाचा. पहिली ६ वर्षं सवलतीची, एकूण मुदत २४ वर्षं. २०१८ मध्ये चौथीत असलेली पोर तिशी ओलांडेल, तेव्हा हे कर्ज फिटेल.

आणि ते फेडायचं डॉलरमध्ये. करार झाला तेव्हा डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो ८५च्या वर गेला. तेच ४२ कोटी डॉलर ६५च्या दराने २,७३० कोटी रुपये होतात, ८५च्या दराने ३,५७० कोटी. पैसा हप्त्याहप्त्याने येतो-जातो, व्याजही देशी रोख्यांपेक्षा सहसा कमी असतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक एवढाच पडेल असं नाही. पण २००५ पासून केंद्र अशी कर्जं मूळ अटींसकट राज्याच्या हवाली करतं. रुपया घसरला की झळ राज्याच्या तिजोरीला.

प्रश्न न्यायाचाही आहे. पोकरात कास्तकार आधी पदरचा पैसा घालतो, बिलं पोर्टलवर चढवतो, पाहणी झाली की अनुदान थेट खात्यात येतं. मधला दलाल गळाला, हे मोठंच काम. पण ज्याच्या पदरी काहीच नाही, त्या कोरडवाहू माणसाला अनुदानासाठी आधी उसनवारी करावी लागते. कर्जाचा भार मात्र कराच्या रूपाने त्याच्याही वाट्याला येतोच.

कर्जाच्या अटींवर लोक बोलले की फरक पडतो. जागतिक बँकेच्या कर्जातून उभ्या राहणाऱ्या सरदार सरोवर धरणात नंदुरबारच्या आदिवासींची गावं बुडणार होती. लढा उभा राहिला, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनातल्या त्रुटी मांडल्या आणि १९९३ मध्ये भारताने जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज सोडलं. बँकेला तक्रारींसाठी स्वतंत्र तपासणी मंडळ नेमावं लागलं, तेही त्याच वर्षी.

पोकराच्या दुसऱ्या टप्प्यालाही जागतिक बँकेचं कर्ज आहे. तळं कुठे खोदायचं, हे गावाला विचारलं जातं. त्याच बैठकीत कर्ज किती, फेड कधीपर्यंत आणि तळ्यातला गाळ कोणाच्या खर्चाने निघणार, हेही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं जावं.