प्यादे एक घर की दोन?

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर स्थानक लागते. नंदुरबार जिल्ह्यातले हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे, आणि त्याचे स्थानक तर दोन राज्यांत विभागलेले आहे. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. तिथल्या एका बाकाच्या मधूनच राज्याची सीमा जाते. स्थानक आधी बांधले गेले, रेषा मागाहून आली. १ मे १९६० रोजी जुन्या मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा ती इथून गेली. बाकाला ती ठाऊक नाही. माणसांनी ठरवले, म्हणून ती आहे.

आता कल्पना करा, या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नववीत शिकणारी नात गाडीची वाट पाहत बसली आहेत. मधे बुद्धिबळाचा पट मांडला आहे. नातीने राजापुढचे प्यादे उचलून एकदम दोन घरे पुढे ठेवले. आजोबांनी तिचा हात धरला.

“अगं, प्यादे एक घर चालते!”

“आजोबा, पहिल्या चालीला दोन घरे चालते. आमच्या शाळेच्या स्पर्धेत असेच खेळतात.”

“आम्ही पन्नास वर्षे खेळतो आहोत, ते काय चुकीचे?”

यांच्यात चुकले कोण? उत्तर शोधायला आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

आजोबांचा खेळ म्हणजे आपल्याकडचा देशी डाव. गावोगाव त्याचे तपशील थोडे बदलत, पण मुख्य नियम असे होते. प्यादे नेहमी एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई; मात्र त्याआधी त्याला शह बसलेला नसला पाहिजे. शह बसला की उडीचा हक्क गेला. प्यादे पलीकडच्या शेवटच्या घरात पोचले, तर ते ज्याचे घर असेल ते मोहरे होई. हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती, उंटाच्या घरात उंट, आणि राजा-वजिराच्या घरांत वजीर. हवे ते मोहरे मागण्याची सोय नव्हती. त्यामुळे कोणते प्यादे पुढे काढायचे, याचा विचार आजोबांना डावाच्या आरंभीच करावा लागे.

या फरकाचा परिणाम किती होतो, ते मोजून पाहू या. नातीच्या नियमांप्रमाणे पांढऱ्याची पहिली चाल किती प्रकारे करता येईल? आठ प्यादी, प्रत्येकाच्या दोन चाली, म्हणजे १६, दोन घोड्यांच्या दोन-दोन, म्हणजे ४, एकूण २०. काळ्यालाही २०. म्हणून दोघांची एकेक चाल झाली की ४०० निरनिराळे आरंभ होतात. आजोबांच्या नियमांप्रमाणे प्याद्यांच्या ८, घोड्यांच्या ४ आणि राजाच्या उडीच्या २ (पट मांडून पाहा, राजाला बसायला दोनच मोकळी घरे सापडतील) अशा १४ चाली होतात, आणि आरंभ १९६. पुढे हा फरक भराभर वाढत जातो.

पण आकड्यांहून महत्त्वाचा आहे तो खेळाचा वेग. पटाच्या मधल्या चार घरांवर ज्याचा ताबा, त्याची मोहरी सर्वत्र फिरतात. नातीची दोन प्यादी दोन चालींत मध्यावर येतात. आजोबांना चार चाली लागतात. म्हणून देशी डावात खेळाडू आधी आपल्या घरात सैन्य नीट रचून घेत आणि मग भिडत. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे आणि त्या मोकळ्या जागी उंट बसवायचा, ही रचना तर फार सोयीची. तिथून उंट पटाच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या सर्वांत लांब तिरक्या रेषेवर नजर ठेवतो. दोन घरांचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याला प्यादे एकच घर सरकवणे म्हणजे हातचे काही गमावणे वाटते. ज्याला तो नियमच नाही, त्याचे काहीच जात नाही!

या साध्या गोष्टीतून जगाच्या बुद्धिबळात एक मोठे प्रकरण उघडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कोक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर राहत असे. तो युरोपातल्या नामांकित खेळाडूंपैकी एक. त्याची गाठ महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी पडली. दोघांत पुष्कळ डाव झाले, आणि कोक्रेनने ते लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला खेळता येतात. महेशचंद्र युरोपी नियमांनी खेळत. पण हात देशी वळणाचा. कोक्रेन मध्यावर प्यादी दामटी, आणि महेशचंद्र घोडा काढून, प्यादे एक घर सरकवून, उंट कोपऱ्याजवळ बसवून शांतपणे वाट पाहत. मध्य प्रतिपक्षाला घेऊ द्यायचा आणि दुरून त्यावर मारा करायचा, असा हा बेत.

१८५५ मधला त्यांचा एक डाव प्रसिद्ध आहे. त्यातली महेशचंद्रांची मांडणी पुढे ऑस्ट्रियाचा ग्रँडमास्टर ग्रुनफेल्ड याने १९२२ साली खेळली, आणि तिला त्याचे नाव मिळाले. मांडणी कलकत्त्याची, नाव व्हिएन्नाचे! पण अन्याय पुरता झाला असेही नाही, कारण अशा बचावांच्या साऱ्या कुळाला जगभर ‘इंडियन’ म्हणतात.

गंमत अशी की तो डाव महेशचंद्र हरले, आणि तेही घोड्याच्या मातेने. शेवट पटावर मांडून पाहा. काळा राजा किल्लेकोट करून घोड्याच्या घरात बसला आहे. त्याच्यापुढे उंट, शेजारच्या कोपऱ्यातल्या घरापुढे प्यादे. त्याचा एक हत्ती राजाच्या मूळ घरात, वजीर स्वतःच्या घरात. पांढरा वजीर दुरून तिरक्या रेषेत राजाकडे पाहतो आहे, आणि वाटेत, राजाच्या उंटापुढच्या प्याद्याच्या जागी, पांढरा घोडा उभा आहे. तो घोडा हत्तीच्या ओळीत, काळ्या प्याद्याच्या पुढच्या घरात उडी मारतो: घोड्याचाही शह आणि वजिराचाही. राजा उंटाच्या मूळ घरात गेला तर वजीर लगेच मात करतो. म्हणून तो कोपऱ्यात जातो. आता पांढरा आपला वजीर राजाच्या शेजारी नेऊन देऊन टाकतो. राजाला तो मारता येत नाही, घोड्याचा जोर आहे. हत्तीलाच मारावा लागतो. आणि घोडा परत पूर्वीच्या जागी येतो. राजाच्या तिन्ही बाजूंना त्याचीच मोहरी. हलायला जागा नाही. मात! कितीही वेळा पाहिली तरी ही मात मला जादूसारखीच वाटते.

देशी डावावर वाढलेला दुसरा मोठा खेळाडू म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. त्याने आंतरराष्ट्रीय नियम शिकले १९२६ मध्ये. १९२९ साली तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. आरंभीच्या चालींत तो कच्चा असे, कारण ती पुस्तके त्याने वाचलेलीच नव्हती. पण डाव पुढे सरकला की त्याला आवरणे कठीण. हीच देशी डावाची तालीम. फिडे या जागतिक संघटनेने त्याला सन्मान्य ग्रँडमास्टर ही पदवी दिली, ती मात्र २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

म्हणजे आजोबांचाच खेळ अस्सल, असे म्हणायचे का? तेही नाही. आजोबांचा वजीर पटभर आडवा, उभा, तिरका धावतो ना? जुन्या खेळात तो तिरका एकच घर चाले. हे बळ त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीकडे मिळाले, आणि मग ते इकडे आले. भारतातून इराणमार्गे गेलेला खेळ असा बदलून घरी परतला. काही बदल आपण घेतले, काही घेतले नाहीत. १८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंकटाचार्य शास्त्री यांचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्यात देशी परंपरेतल्या डावांच्या अखेरी युरोपी नियमांना जुळवून दिल्या होत्या. नात आणि आजोबा यांच्यामधला दुभाषा तेव्हाही लागत होता तर!

पुढे स्पर्धा देशभराच्या होऊ लागल्या, तेव्हा एकच नियम मानणे भाग पडले. १९५५ साली आंध्रात एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यात रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सप्रे आपले मराठी. हळूहळू देशी डाव मागे पडला. घराच्या ओसरीवर मात्र तो बरीच वर्षे टिकून होता.

नियम केवळ मोहऱ्यांचे नसतात. पटासमोर कोणी बसायचे, याचेही असतात. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर भगिनी. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षे ते अजिंक्यपद या एकाच घरात फिरत राहिले. धाकटी रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर गदारोळ उठला. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळायचे? पट तोच, मोहरी तीच, नियम तेच, तरी हरकत. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. हे युवे १९३५ चे जगज्जेते, आणि पेशाने गणिताचे शिक्षक. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत त्यांनी गणित शिकवले होते! रोहिणी १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई अजिंक्यपद जिंकली, तेही एकही डाव न हरता.

अलीकडची गोष्ट नागपूरच्या दिव्या देशमुखची. ग्रँडमास्टर होण्यासाठी साधारणपणे तीन स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी, म्हणजे तीन ‘नॉर्म’ मिळवावे लागतात आणि २५०० चे मानांकन गाठावे लागते. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्या जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकासाठी गेली, तेव्हा तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. पण फिडेचा आणखी एक नियम आहे: हा विश्वचषक जिंकणारीला ग्रँडमास्टर पदवी थेट मिळते. अंतिम फेरीत समोर होती तिच्याहून पुष्कळ अनुभवी कोनेरू हंपी. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला कमी वेळेचे डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत, दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने जिंकला. एकोणीस वर्षांची ही मुलगी भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली; भारतीय स्त्रियांत चौथी.

इकडे नवापूरच्या बाकावर तोड निघाली आहे. पहिला डाव आजोबांच्या नियमांनी, दुसरा नातीच्या. तुम्हीही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून असे दोन डाव खेळून पाहा. प्रत्येक डावात पहिले मोहरे कितव्या चालीला मारले गेले, तेवढे वहीत टिपून ठेवा. दहा-दहा डाव झाले, की दोन्ही आकड्यांच्या सरासरी काढून शेजारी शेजारी लिहा. आणि हो, देशी डावात राजाची उडी कोणी आणि केव्हा वापरली, तेही लिहायला विसरू नका.