पाळी गेल्यावर नसांची काळजी: डबा घेण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, "पाळी गेल्यावर नसा मोकळ्या राहतात" असं सांगून आर्जिनीन किंवा सिट्रुलीनच्या पावडरी विकल्या जातात. बचतीतले पैसे त्यात घालण्याआधी हे काय आहे ते समजून घेऊ.

पाळी गेल्यावर काय बदलतं?
रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याने वाहिनी सैल राहते, रक्त सहज वाहतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. हा वायू तयार व्हायला इस्ट्रोजेन मदत करतं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं, वाहिन्या कडक होऊ लागतात आणि बीपी वाढू शकतो.

या पावडरीत काय असतं?
अमायनो अ‍ॅसिड, म्हणजे प्रथिनांच्या माळेतले सुटे मणी. आर्जिनीनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. सिट्रुलीनचंही शरीरात आर्जिनीनच होतं.

मग घ्यावी का?
बीपी असलेल्या, पाळी थांबलेल्या बायकांना रोज १० ग्रॅम सिट्रुलीन चार आठवडे दिल्यावर वाहिन्या जरा जास्त सैल होताना दिसल्या. पण अभ्यासातल्या बायका थोड्या आणि दिवसही थोडेच. त्याने हार्ट अटॅक टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. उलट, अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात आर्जिनीन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, न घेणाऱ्यांत कुणीच नाही. २००६ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. म्हणून हृदयाचा आजार असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर घ्यायचीच नाही. आणि पावडर आणली म्हणून गोळी बंद करायची नाही.

आपल्या हातात काय आहे?
- शेंगदाणे, तीळ, हरभरा, डाळी यांत आर्जिनीन भरपूर असतं. कलिंगडात सिट्रुलीन असतं. पण १० ग्रॅम मिळवायला काही किलो खावं लागेल! साखरेचा आजार असेल तर कलिंगड बेतानंच.
- दिवसभराचं मीठ एक छोटा चमचा, त्यापेक्षा जास्त नको. लोणचं-पापडातलं मीठही त्यातच मोजा.
- मशेरी, तंबाखू सोडा. त्याने नसा आकसतात.
- शेतातलं काम असलं तरी रोज थोडं भरभर चाला.
- उपकेंद्रात बीपी आणि साखर मोफत तपासतात. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा.

वाढलेला बीपी बहुतेक वेळा जाणवत नाही, म्हणून त्रास नसला तरी तपासायचा. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा आणि पाळी थांबलेल्या प्रत्येक ताईचा बीपी मोजून घ्या.