पिवळी पाटी, हौद्यावरचे आकडे आणि ‘एन. पी.’: मालवाहू टेम्पो वाचायचा कसा?

घर बदलायचं असलं की टेम्पोवाल्याला दोनच प्रश्न विचारले जातात. भाडं किती आणि हमाल सोबत येणार का? गाडीवर काय लिहिलंय, तिकडे सहसा कुणी बघत नाही. पण वाटेत गाडी अडवली गेली, सामान फुटलं किंवा अपघात झाला, तर भुर्दंड कोणावर पडणार हे बऱ्याचदा गाडीवरच्या खुणांवरून आणि हातातल्या कागदावरून ठरतं.

आधी पाटीचा रंग

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. गोंधळ होतो तो हिरव्या पाटीचा. विजेवर चालणाऱ्या सगळ्याच गाड्यांची पाटी हिरवी असते, त्यामुळे तिथे अक्षरांचा रंग पाहावा लागतो. अक्षरं पांढरी असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. शहरात पार्सलं पोचवणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ही हिरव्यावरची पिवळी अक्षरं दिसतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली, तर ती तात्पुरती नोंदणी.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने माल नेऊ शकत नाही. ओळखीतला कुणी ‘माझीच गाडी आहे, कमी पैशांत नेतो’ म्हणतो, तेव्हा खासगी वापराच्या नोंदणीची अट मोडते आणि विम्याचीही. पुढे काही झालं, तर विमा कंपनीच्या हाती दावा लढवायला आयतं कारण येतं.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी कंपनीकडूनच लागून येते. जुन्या गाड्यांनाही ती बसवणं बंधनकारक आहे. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात ‘आयएनडी’ आणि लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. समोरच्या काचेवर आतून एक स्टिकर असतो, त्याचा रंग इंधन सांगतो. डिझेलला नारिंगी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा. आणि हो, मराठी अंकांत रंगवलेली पाटी कितीही छान दिसली तरी नियमात बसत नाही. नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच हवा.

हौद्यावरचे आकडे काय सांगतात?

टेम्पोच्या दारावर किंवा हौद्याच्या बाजूला छोट्या अक्षरांत काही आकडे रंगवलेले असतात. ‘यू. डब्ल्यू.’ म्हणजे गाडीचं रिकामं वजन. ‘आर. एल. डब्ल्यू.’ किंवा ‘जी. व्ही. डब्ल्यू.’ म्हणजे मालासकट गाडीचं जास्तीत जास्त मान्य वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की किती माल भरता येईल ते कळतं. टेम्पोवाल्यांच्या बोलीत हेच ‘पासिंग’.

यात एक मेख आहे. रिकाम्या वजनात चालक आणि हमाल धरलेले नसतात. समजा, रिकामं वजन १,२०० किलो आणि मान्य वजन २,००० किलो आहे. वजाबाकी ८०० येते. पण पुढे बसलेल्या दोघांचं वजन मिळून १३० किलो असेल, तर मालासाठी उरतात ६७० किलो. कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पुस्तकांची खोकी असा संसार भरताना हा फरक लहान नाही.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत आणि उतरवण्याचा खर्चही वेगळा भरावा लागतो. वजनकाट्यावर गाडी न्यायला नकार दिला, तर दंड ४०,००० रुपये. गिऱ्हाईक ‘एकाच फेरीत न्या’ म्हणून अडून बसतं तेव्हा चालक कुरकुरतो, ती बहुतेक वेळा याच्यामुळे.

हौद्याबाहेर आलेल्या सळ्या, पाइप, बांबू यांच्या टोकाला लाल फडकं बांधलं की काम झालं, असा समज पक्का आहे. तसं नाही. माल गाडीच्या मागे, पुढे, बाजूला किंवा मान्य उंचीपेक्षा वर गेला, तर त्यालाही २०,००० रुपयांचाच दंड आहे. फडकं दिवसा मागच्याला सावध करील, पण ते परवानगी नव्हे.

हौद्यात माणसं बसली तर?

वऱ्हाड टेम्पोतून नेणं, जत्रेला अख्खी आळी हौद्यात बसवणं, गणपतीच्या मिरवणुकीहून मंडळाची पोरं तशीच परत आणणं हे गावोगाव चालतं. आजवर काही झालं नाही म्हणून चालतं. कायद्याच्या नजरेत मात्र मालवाहू गाडी प्रवाशांसाठी नाही आणि अपघात झाला तर हा मुद्दा फार महागात पडतो.

मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी गाडीत असेल, तर त्याला संरक्षण मिळतं. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. ओळखीखातर किंवा फुकट बसलेल्या इतरांचं काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यू इंडिया अशुरन्स विरुद्ध आशा राणी या २००२ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही.

मग ती येते गाडीच्या मालकावर. कधी कधी न्यायालयं विमा कंपनीला आधी रक्कम द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतात, पण प्रत्येक प्रकरणात तसं होईल याची हमी नसते. एकाच गाडीवर घर चालवणारा टेम्पोमालक आठ-दहा जखमींची भरपाई कुठून देणार? म्हणजे आदेश मिळूनही जखमींच्या घरी पैसे पोचत नाहीत, असं होऊ शकतं. घर हलवताना घरातला एकजण सामानासोबत केबिनमध्ये, चालकाशेजारच्या सीटवर बसला, तर तो मालाचा मालक म्हणून जातो. गाद्यांवर बसलेली चार भावंडं तशी जात नाहीत.

परमिट नाही म्हणजे गाडी बेकायदा?

तसंही नाही. एकूण मान्य वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटची गरज नसते. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या टेम्पोंना ही सूट लागू होते. विजेवरच्या मालवाहू गाड्यांनाही २०१८ पासून परमिट माफ आहे. मात्र पिवळी अक्षरं किंवा पिवळी पाटी, विमा आणि फिटनेस यातून सुटका नाही. फिटनेस प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं.

मोठ्या गाड्यांच्या पुढे-मागे ठळक अक्षरांत ‘एन. पी.’ किंवा पूर्ण ‘नॅशनल परमिट’ लिहिलेलं असतं. म्हणजे राज्याबाहेर माल नेण्याची देशव्यापी परवानगी. पुण्याहून बंगळूरला सामान पाठवायचं आणि ट्रक मोठा असेल, तर ही दोन अक्षरं शोधावीत.

चालकाच्या लायसन्सचाही घोळ आता मिटला आहे. साधं एलएमव्ही लायसन्स असलेला चालक एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

राहिलं ‘हॉर्न ओके प्लीज’. ते नियमातलं कधीच नव्हतं. उलट लोकांना हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून महाराष्ट्राने २०१५ मध्ये व्यावसायिक गाड्यांवर ते लिहायला बंदी घातली. तरी ते दिसतंच.

कागद कोणता मागायचा?

गाडी ठरवताना नंबर ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर टाकला, की गाडीचा प्रकार, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा कागद म्हणजे बिल्टी, मालाची पावती. १८६५ चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यानुसार भाड्याने सर्वांचा माल नेणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि पावती द्यावी लागते. माल हरवला किंवा खराब झाला तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट आहे. ५,००० रुपये भाडं दिलं असेल, तर फार तर ५०,०००. सामान त्याहून महाग असेल, तर गाडी भरण्याआधीच किंमत लेखी सांगून जादा जोखमीचा दर ठरवावा लागतो.

नुकसान झालंच, तर दाव्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. सामान पोचलं त्या दिवसापासून नव्हे.