जबलपूरचा खटला : समज किती खरे, किती खोटे?

कायद्याच्या विद्यार्थ्यांना जबलपूर ठाऊक असते ते भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे नव्हे, तर 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' या खटल्यामुळे. दहशतवादविरोधी कायदे आणि नागरिकांचे हक्क हा वाद निघाला की या नावाचा उल्लेख होतोच. त्यासोबत काही गैरसमजही चालत येतात आणि त्यातला पहिला तर या शहरावर अन्याय करणारा आहे.

गैरसमज : कैद्यांच्या विरोधात निकाल दिला तो जबलपूरच्या न्यायालयाने.

झाले होते नेमके उलटे. 25 जून 1975 रोजी आणीबाणी लागली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद 14, 21 आणि 22 यांतल्या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित झाली. खटल्याविना स्थानबद्धतेच्या 'मिसा' कायद्यात बदल करून, स्थानबद्ध माणसाला कारण सांगण्याचे बंधनही सरकारने स्वतःवरून काढून टाकले. आणीबाणीत मिसाखाली सुमारे 35 हजार माणसे आत गेली. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव त्यांच्यातलेच.

जबलपूरमधल्याच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने या काळात सांगितले, की स्थानबद्धतेचा आदेश कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी आम्ही तपासणारच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह देशातल्या एकूण नऊ उच्च न्यायालयांची भूमिका साधारण अशीच होती. सरकारला ती मानवली नाही, म्हणून ते दिल्लीला अपिलात गेले. खटल्याच्या नावात अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी आधी आणि कैदी नंतर येतो, तो यामुळेच.

सर्वोच्च न्यायालयात न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर? आपला युक्तिवाद खरा मानायचा तर त्यावरही न्यायालयात उपाय नाही, असे डे यांनी मान्य केले. 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. सरकारची बाजू उचलून धरणाऱ्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूडही होते. एकटे खन्ना विरोधात राहिले. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

गैरसमज : असे कायदे फक्त देशाच्या शत्रूंसाठी असतात.

मिसा 1971 साली आला तो अंतर्गत सुरक्षेच्या नावाने. चार वर्षांनी त्याच कायद्याने समाजवादी, संघाचे स्वयंसेवक, डावे कार्यकर्ते एकाच बराकीत आणून बसवले. पुण्याचे मधु लिमये बिहारमधून निवडून आलेले खासदार, पण त्या काळात ते मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत होते. कायदा कोणासाठी केला हे विधेयक मांडणारा मंत्री सांगतो, तो कोणाला लावायचा हे पुढचे सरकार ठरवते.

गैरसमज : कसाबला वकील देणे म्हणजे दहशतवाद्याचे लाड.

2008 च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबला वकील मिळाला, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात अपील मिळाले आणि हल्ल्याला चार वर्षे पूर्ण होण्याआधी, 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात फाशीही झाली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. दोन्ही गोष्टी एकाच न्यायप्रक्रियेने केल्या.

याच्या शेजारी 11 जुलै 2006 चे मुंबई लोकल बॉम्बस्फोट ठेवून पाहा. 180 हून अधिक माणसे गेली. पोलिसांपुढचा कबुलीजबाबही पुरावा म्हणून चालणारा कडक मोक्का कायदा लावला गेला. 2015 मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. कायदा कडक असला की तपास पक्का होतो, असे मानणाऱ्यांनी या एकोणीस वर्षांचा हिशेब मांडावा. त्यात मृतांच्या नातेवाइकांचीही एकोणीस वर्षे आहेत.

गैरसमज : जबलपूरचा निकाल रद्द झाला, म्हणजे धोका टळला.

हा समज अर्धा खरा आहे. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद 20 आणि 21 स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद झाली. 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल मोडीत काढला. वडिलांचा निकाल चुकीचा होता, हे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड.

पण अनुच्छेद 22 त्या संरक्षणात नाही आणि खटल्याविना स्थानबद्धतेची मुभा त्याच अनुच्छेदात आहे. 1980 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आजही बारा महिन्यांपर्यंत माणूस आत राहू शकतो आणि स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे त्याला वकिलाचा हक्क नसतो.

'यूएपीए' म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची तऱ्हा आणखी वेगळी. कायदा 1967 चा, दहशतवादाची कलमे त्यात आली 2004 साली, पोटा रद्द होताना. टाडा आणि पोटा हे आधीचे दहशतवादविरोधी कायदे ठरावीक मुदतीचे होते, या कायद्याला मुदतच नाही. मुंबई हल्ल्यानंतर, 2008 मध्ये, आरोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंतची सवड मिळाली. शिवाय आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असे कलम आले. इथे न्यायालयाचे दार उघडे असते, फक्त खटला वर्षानुवर्षे उभा राहत नाही. माझ्या मते आजचा खरा प्रश्न हा आहे. खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील तर अनुच्छेद 21 साठी घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये नजीब प्रकरणात सांगितले. मात्र तोवर आरोपीची पाच वर्षे तुरुंगात गेली होती.

44 व्या दुरुस्तीचे एक कलम सहसा कोणी वाचत नाही. सल्लागार मंडळाच्या मताविना कोंडून ठेवण्याची मुदत तीनऐवजी दोन महिने करावी आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावे, असे कलम 3 सांगते. संसदेने ते मंजूर केले. लागू करायला केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरे आहे. ती आजवर एकाही पक्षाच्या सरकारने काढलेली नाही.