‘मे हॅव’ म्हणजे झालंच असं नव्हे

मागच्या वर्षी आमच्या एका गटाच्या सचिवताईंच्या मोबाईलवर मेसेज आला : ‘द अमाउंट मे हॅव बीन क्रेडिटेड. प्लीज चेक युवर पासबुक.’ त्यातला ‘क्रेडिटेड’ एवढाच शब्द कळला आणि सगळ्याजणी खूश झाल्या. त्याच दिवशी मिरचीच्या व्यापाऱ्याला चेक दिला. खात्यात पैसे आलेच नव्हते. चेक परत आला, दंड कापला गेला, चारचौघांत मान खाली गेली. तो मेसेज मीही वाचला होता. बी.ए. झालेली मी, पण ‘मे हॅव’वरून माझीही नजर घसरली.

मस्ट, मे, माइट, कॅन, कुड, शुड हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात. बोलणाऱ्याला किती खात्री आहे, किंवा काय करायला हवं, हे ते सांगतात. आपल्या ‘असेल’, ‘असणारच’, ‘पाहिजे’सारखं त्यांचं काम.

गोष्ट आत्ताची असेल तर पुढे साधं क्रियापद. घरात दिवा दिसतोय : ‘शी मस्ट बी ॲट होम’, ती घरीच असणार. काहीच कळत नाही : ‘शी मे बी ॲट होम’, असेल, नसेलही. दाराला बाहेरून कुलूप आहे : ‘शी कान्ट बी ॲट होम’, ती घरी असणं शक्यच नाही.

गोष्ट होऊन गेली असेल तर मध्ये ‘हॅव’ येतो आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘शी मस्ट हॅव पेड’ म्हणजे तिने हप्ता भरलेलाच असणार. ‘शी मे हॅव पेड’, भरला असेल, नक्की नाही. ‘शी कान्ट हॅव पेड’, भरलाच नसणार. इथे ‘शी’ असली तरी ‘हॅव’चं ‘हॅज’ होत नाही.

दोन ठिकाणी जपायचं. ‘यू शुड हॅव पेड’ म्हणजे भरायला हवा होता, आणि बहुतेक वेळा अर्थ असा की भरलेला नाही. अशी ओळ दिसली तर लगेच चौकशी करा. दुसरं, ‘मला भरावा लागला’ हे सांगायला ‘मस्ट हॅव’ चालत नाही. तिथे ‘आय हॅड टू पे’.

सूचनेत ‘मस्ट सबमिट’ असेल तर कागद द्यावाच लागतो. ‘मे सबमिट’ असेल तर देण्याची मुभा आहे.

येत्या बैठकीला प्रत्येकीने एक इंग्रजी मेसेज आणा. त्यातल्या या छोट्या शब्दाखाली रेघ मारा आणि विचारा : खात्री, शक्यता, की सक्ती? आमच्या त्या गटात आता पासबुकात नोंद दिसल्याशिवाय चेकबुक उघडत नाही. तुम्हीही तसंच करा.