तो काही करत नाही!

मराठी माणसाच्या तोंडी काही वाक्ये अशी बसली आहेत की, ती कानावर पडताच शहाण्याने सावध व्हावे. "पाच मिनिटांत पोचतोच," हे त्यांतले एक. "भाजी अगदी बेताची तिखट आहे हो," हे आमच्या वऱ्हाडातले दुसरे. आणि तिसरे म्हणजे, साखळीच्या एका टोकाला फरफटत जाणाऱ्या गृहस्थाने दुसऱ्या टोकाच्या दांडग्या जनावराकडे कौतुकाने पाहत उच्चारलेले, "भिऊ नका, तो काही करत नाही!"

पहिल्या दोन वाक्यांनी फारसे बिघडत नाही. थोडा उशीर होतो, नाहीतर नाकाडोळ्यांतून पाणी येते. तिसऱ्याची गोष्ट निराळी आहे, आणि ती दिवाळीतच सांगण्याला कारण आहे. या दिवसांत घरोघर पाहुणे येतात, गल्लीत मुले खेळतात, फटाके वाजतात, आणि घरातला थोरला कुत्रा नेमका याच आठवड्यात आपल्या अंगातले बळ दाखवायला निघतो.

वाड्यातून तिसऱ्या मजल्यावर

कुत्रा काही वऱ्हाडाला नवा नाही. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेले कारंजे आमच्याच मुलखात. त्यामुळे दत्ताची तसबीर आणि तिच्यातली चार कुत्री आमच्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शेतावरचा मोत्या रात्री जागलीला असे. त्याला मुद्दाम फिरायला कोणी नेत नसे, कारण बैलगाडीच्या खालून चालत तो मालकाबरोबर दिवसभर फिरतच असे. गावात ओळखीचा कोण नि परका कोण हे त्याला पाठ होते, आणि तो कसा आहे हे गावालाही पाठ होते.

पुढे अमरावतीच्या कॅम्पातल्या आणि अकोल्याच्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतून अल्सेशियन दिसू लागला. हा मूळचा जर्मनीतला मेंढपाळांचा कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना त्याच्या नावातला जर्मन शब्द खुपू लागला, म्हणून त्यांनी त्याला फ्रान्सच्या अल्सास प्रांताचे नाव दिले, आणि आपण ते त्यांच्याकडून जसेच्या तसे उचलले. पण बंगल्याला आवार होते, आवाराला फाटक होते, आणि फाटकावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी होती.

आता ना आवार उरले, ना पाटी. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत लॅब्राडॉर नांदतो. न्यूफाउंडलँडच्या बर्फगार पाण्यात कोळ्यांची जाळी आणि सुटलेली मासळी ओढून आणणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज. पूर्ण वाढलेला नर तीस ते छत्तीस किलो भरतो. बर्फात पोहण्यासाठी घडलेला हा देह दिवसभर सोफ्याखाली पडून राहतो आणि संध्याकाळी दहा मिनिटांसाठी खाली उतरतो. दिवसभरात साठलेले सारे बळ तो त्या दहा मिनिटांतच खर्च करणार, हे उघड आहे. लोक त्याला द्वाड म्हणतात, पण तो बिचारा बेकार आहे.

एक अमरावतीचा, एक अकोल्याचा

आमच्या अमरावतीच्या गल्लीत असाच एक ब्रूनो आहे. रंगाने दुधाच्या सायीसारखा, स्वभावाने त्याहून मऊ. चावणे त्याला ठाऊक नाही. त्याला एकच हौस, दिसेल त्या माणसाच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय टेकून त्याचे तोंड चाटायचे. लहानपणी तो पाच किलोचा होता तेव्हा साऱ्या गल्लीने या हौसेचे कौतुक केले. कुत्रा वाढला आणि हौसही त्याच्याबरोबर वाढली.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मालटेकडीच्या उतारावर शेजारच्या आजी काठी टेकीत खाली येत होत्या. ब्रूनोने ओळखीचे माणूस पाहिले, मालकाच्या हातातली साखळी सुटली, आणि त्याने प्रेमाने झेप घेतली. दात लागला नाही, ओरखडाही उठला नाही. मात्र आजींच्या खुब्याचे हाड मोडले. पंचाहत्तरीच्या बाईचे हे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण, सुनेची रजा आणि मुलाचे कर्ज. मालक दवाखान्यात भेटायला गेले आणि सवयीने म्हणाले, "आजी, त्यानं मुद्दाम नाही हो केलं. तो कधी कोणाला काही करत नाही." आजींनी डोळे मिटूनच उत्तर दिले, "त्यानं काही केलं नसन बाप्पा, पन मी तं पडली ना!"

या एका वाक्यात सारा प्रश्न आला आहे. कुत्र्याच्या मनात काय होते हे मालक सांगतो. समोरच्याचा संबंध येतो तो त्याच्या वजनाशी. त्या दिवसापासून दोन घरांमधली फराळाच्या ताटांची ये-जा थांबली. ब्रूनोला मागच्या गॅलरीत साखळीने बांधले, आणि तो दिवसभर भुंकू लागला. ज्याचे पाप सर्वांत कमी त्यालाच जन्मठेप झाली.

आता अकोल्याकडे चला. तिथे माझे मेहुणे राहतात. त्यांचा शेरू अडतीस किलोचा अल्सेशियन, दिसायला ब्रूनोपेक्षा कितीतरी भयंकर. पहाटे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरात फिरणारी मंडळी त्याच्या शेजारून निर्धास्त जातात. आमची ताई भाजी घ्यायला निघते तेव्हा शेरू बरोबर असतो, आणि मेथीची जुडी निवडून होईपर्यंत तिच्या पायाशी बसून राहतो. बाजार, नातलगांची घरे, शेत, सगळे जग त्याला मोकळे आहे. फरक जातीचा नाही. मेहुण्यांच्या सदऱ्याच्या खिशात मूठभर फुटाणे असतात, फरक तेवढाच.

फुटाण्यांचे शास्त्र

मेहुण्यांचा पहिला नियम असा की, दोरी ताणली की पाऊल थांबते. शेरूने ओढ घेतली की ते झाडासारखे उभे राहतात. रागावणे नाही, हिसका देणे नाही. दोरी सैल पडली की चालू लागायचे. ओढले तर रस्ता बंद होतो आणि मालकाच्या शेजारून चालले तर उघडतो, हे कुत्र्याच्या ध्यानात यायला त्यांना सुमारे तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात त्यांनी शंभर पावलेही पुरी केली नव्हती! दोरी चार-पाच फुटांची, जाड सुती असावी. लांब सुटत जाणारी, डबीत गुंडाळणारी दोरी थोर कुत्र्याला उपयोगाची नाही, कारण धाव घेतल्यावर त्याला आवरायला अंतरच उरत नाही. दोरी मनगटाला गुंडाळूही नये. कुत्रा धावला तर आपणच पडतो. फारच ओढणाऱ्याला छातीवरून जाणारा पट्टा घालावा, ज्याला दुकानदार हार्नेस म्हणतात. त्याची कडी छातीपुढे असली की, ओढताच कुत्रा आपोआप आपल्याकडे वळतो.

दुसरा नियम असा की, चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड. उडी मारली की घरातल्या सर्वांनी पाठ फिरवायची. ओरडायचे नाही आणि हाताने ढकलायचेही नाही, कारण कुत्र्याला तोही खेळच वाटतो. खाली बसला की लगेच फुटाणा आणि शाबासकी. यात एकच अट आहे आणि तीच सर्वांत कठीण, घरात दुमत नको. आईने पाठ फिरवायची आणि बंडूने मिठी मारायची, असे झाले तर शास्त्र फुकट.

तिसरी गोष्ट वयाची. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली कुत्र्यांच्या स्वभावावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी जी ओळख करून घेते ती जन्मभर टिकते, असे त्यांना बारा-तेरा वर्षांच्या अभ्यासात आढळले. म्हणून या दिवसांत पिल्लाला काठीवाले आजोबा, शाळकरी मुले, छत्री, सायकल, ऑटोरिक्षा सगळे दाखवावे. लशी पुऱ्या झालेल्या नसतील तर कडेवर घेऊन दाखवावे. मोठा कुत्रा शिकत नाही असे मात्र नाही. तो सावकाश शिकतो, एवढेच.

आमच्या मुलखात यात एक पथ्य अधिक पाळावे लागते, ते उन्हाचे. वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू ठेवून पाहावी. सात अंक मोजेपर्यंत चटका सोसवला नाही, तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. फिरणे उजाडण्यापूर्वी उरकावे. चावऱ्या कुत्र्याला मुसके घालायचे तर ते जाळीचे आणि ऐसपैस असावे. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, तेव्हा त्याचे तोंड आवळून बांधणे म्हणजे उन्हात त्याचा जीव घेणे होय.

कायदा काय म्हणतो

"माझा कुत्रा, माझा प्रश्न," असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. जनावर बाळगून निष्काळजीपणे वागणे हा पूर्वीच्या दंडसंहितेतही गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. हे नुसते कागदावर नाही. मुंबईच्या नेपियन सी रोडवर २०१० साली वादावादी चालली असताना एका गृहस्थाने मोटारीचे दार उघडले आणि आतला रॉटवायलर बाहेर येऊन ७२ वर्षांच्या नातलगाला चावला. २०२३ साली न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीला २०१८ साली लिफ्टमधला एक बाप म्हणत होता की, मूल कुत्र्याला भिते, जरा थांबा. मालकाने ऐकले नाही, आपला हस्की ओढतच लिफ्टमध्ये आणला, आणि तो त्या बापाला चावला. २०२५ च्या मे महिन्यात त्या मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. "जरा थांबा," एवढीच तर विनंती होती!

पण कायद्याला दुसरीही बाजू आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, जनावराला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हाच. म्हणजे मोकाट सोडणे चालत नाही आणि गॅलरीत डांबणेही चालत नाही. उरते ते फक्त शिकवणे.

भिणाऱ्यांसाठी आणि दिवाळीसाठी

ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे पळू नये, किंचाळू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. हात जवळ घेऊन, थोडे बाजूला वळून स्वस्थ उभे राहावे. मुलांना सांगावे की, मालकाला विचारल्याशिवाय परक्या कुत्र्याला हात लावायचा नाही. आणि दात लागलाच, तर हळद, चुना, तिखट यांच्या नादी न लागता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अमरावतीला इर्विन आहे, अकोल्याला सर्वोपचार आहे. पोटातल्या चौदा सुयांचा जुना धाक आता मनातून काढून टाकावा. त्या केव्हाच गेल्या, आता मोजकी इंजेक्शने दंडात घेतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मात्र रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून चालढकल नको.

दिवाळीत कुत्रे घरी असलेल्यांनी फिरणे दिवेलागणीपूर्वी आटोपावे. शांत कुत्राही सुतळी बॉम्बला घाबरून दोरी तोडतो, म्हणून गळपट्ट्यावर आपला फोन नंबर असावा. फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा आणि रेडिओ सुरू करून ठेवावे. फराळाची ताटे उंचावर ठेवावी. बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत. आणि दाराची घंटा वाजली की, आधी कुत्र्याला त्याच्या चटईवर बसवावे, मगच दार उघडावे. मेहुण्यांच्या घरी पाहुण्याला पहिले वाक्य ऐकू येते ते, "थांबा हं, आधी त्याला बसवतो, मग या." त्याच्या स्वभावाची ग्वाही ते देत नाहीत.

ब्रूनोच्या मालकांना मी मेहुण्यांची ही सारी रीत सांगितली. गेल्या आठवड्यापासून ते पहाटे खिशात फुटाणे घेऊन निघतात. ब्रूनो साडेचार वर्षांचा आहे, आणि अजून गल्लीच्या टोकापर्यंत जायला त्यांना पाऊण तास लागतो. आजी खिडकीत वॉकर धरून ते पाहत उभ्या असतात. काल त्या मला म्हणाल्या, "आज तं त्यो चार खेपा बसला बाप्पा. मी मोजल्या."